अणुयुद्धावरचे चित्रपट हेही भयपटच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत भयपटांवर आलेला लेख वाचला. पडके वाडे, विहिरी, मुंजा, हडळ, केस मोकळे सोडलेल्या जपानी बायका, विलायतेतली झपाटलेली घरं असं सगळं त्यात होतं आणि लेख मन लावून लिहिलेला होता. पण शेवटाकडे लेखकाने एका वाक्यात सांगून टाकलंय, की अणुयुद्धावरचे ब्रिटिश आणि अमेरिकी चित्रपट भयपटांत धरायचं कारण नाही, ते प्रचारपट आहेत. त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे. मी समीक्षक नाही. सरकारी रुग्णालयाच्या जळीत वॉर्डात माझी बहुतेक नोकरी गेली आणि इन्चार्ज सिस्टर म्हणून मी निवृत्त झाले. त्या चित्रपटांत जे दाखवलंय त्यातलं थोडं मी रोज हाताळलेलं आहे. त्या आधारावर माझं म्हणणं असं, की त्यांच्याइतकी भीती दुसऱ्या कुठल्याच चित्रपटात नाही, आणि ती भीती आपल्याकडच्या लोकांनी एकदा तरी अनुभवायला हवी.

'थ्रेड्स' हा बीबीसीचा चित्रपट २३ सप्टेंबर १९८४ रोजी ब्रिटनमध्ये टीव्हीवर पहिल्यांदा दाखवला गेला. दिग्दर्शन मिक जॅक्सन यांचं, लेखन बॅरी हाइन्स यांचं. हाइन्स त्याच मुलखातले, खाणकामगाराच्या घरातले. कथा घडते शेफिल्डमध्ये, पोलाद आणि सुऱ्या-कात्र्यांसाठी नाव असलेल्या गावात. माझी भाची तिथे शिकायला होती, तिच्यामुळेच मी तो पाहिला. 'द मूर' नावाच्या ज्या बाजारपेठेतून ती येजा करायची, ती चित्रपटात आहे. हल्ल्याच्या सकाळी तिथेच लोक सैरावैरा धावतात आणि आकाशात ढग उठताना पाहून एका बाईला उभ्या जागी लघवी होते. कॅमेरा तिच्या पायांकडे जातो आणि लगेच पुढे सरकतो. मृत्यू समोर दिसला की शरीर असंच वागतं. हे दाखवायला धाडस लागतं आणि ते दाखवताना त्या बाईची कुठे चेष्टा होत नाही.

पण त्याआधीचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. रूथ आणि जिमी या तरुण जोडप्याचं लग्न ठरतंय, रूथला दिवस गेलेत. दोघं नव्या घराच्या भिंतींवरचा जुना कागद खरवडतात, दोन्हीकडचे आईवडील अवघडून एकमेकांना भेटतात, जिमी घरामागच्या पिंजऱ्यातल्या पाखरांना दाणे घालतो. मागे कुठेतरी रेडिओ चालू असतो, दुकानात टीव्ही चालू असतो, इराणमधल्या तंट्याच्या बातम्या येत असतात आणि कोणी मान वर करून ऐकत नाही. आपल्या घरात जेवताना बातम्या चालू असतात तेव्हा आपणही असेच बसतो. भयपटात माणसं अंधाऱ्या खोलीत शिरायला निघाली, की 'अरे, जाऊ नको' असं आपण मनात म्हणतो. इथे तसं कोणाला म्हणणार? रूथ आणि जिमीच्या हातात काही नाहीच. ती चूक करत नाहीत, शापित जागी जात नाहीत, कुणाचं वाईट करत नाहीत.

मग गुरुवारी, २६ मे रोजी, सकाळी साडेआठला ते होतं. पहिला स्फोट समुद्रावर फार उंच होतो आणि फोन, वीज, दळणवळण बंद पडतं. त्यानंतरचे लष्करी तळांवर, मग शहरांवर. पडद्यावर टाइपरायटरच्या अक्षरांत आकडे उमटतात: दोन्ही बाजूंचे मिळून ३००० मेगाटन ताकदीचे बॉम्ब, त्यातले २१० मेगाटन ब्रिटनवर. जिमी त्या सकाळी रूथकडे जायला धावत सुटतो आणि पुन्हा दिसतच नाही. त्याचं काय झालं हे चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही. अपघातानंतर वॉर्डाबाहेर नावांची यादी धरून उभे राहणारे नातेवाईक मी पाहिलेत. 'नाही' हे उत्तर मिळालं तरी माणूस कसाबसा घरी जातो, पण उत्तरच मिळालं नाही तर तो रोज येत राहतो. जिमीला असं हरवून टाकणं हा लेखकाचा त्या चित्रपटातला सगळ्यात क्रूर आणि सगळ्यात खरा निर्णय आहे.

आता रुग्णालयाचा प्रसंग. रूथ चालत चालत एका रुग्णालयात पोचते. जमिनीवर घाण पाणी आणि रक्त, जिन्यापर्यंत माणसं पडलेली, चादरी फाडून पट्ट्या चाललेल्या, भूल न देता पाय कापताना रुग्णाच्या दातांत कापड दिलेलं. निवेदक शांत आवाजात सांगतो, की औषध, पाणी, पट्ट्या आणि वीज नसेल तर डॉक्टरला आपलं कौशल्य वापरायला मार्गच उरत नाही, शेजारी वाचलेल्या दुसऱ्या कुणाइतकाच त्याचा उपयोग. बघणारे इथे रक्ताने हादरतात. मी निवेदकाच्या वाक्याने हादरले.

का, ते सांगते. पन्नास किलो वजनाची बाई चाळीस टक्के भाजून वॉर्डात आली, तर पहिल्या चोवीस तासांत तिला साधारण आठ लिटर सलाइन लागतं, आर.एल.च्या (रिंगर लॅक्टेट या क्षारद्रावणाच्या) अर्ध्या लिटरच्या सोळा बाटल्या. त्यातल्या आठ भाजल्यापासून पहिल्या आठ तासांतच जायला हव्यात. दर तासाला लघवी मोजायची, कमी झाली तर वेग वाढवायचा. ड्रेसिंगला दोन सिस्टर आणि एक मावशी, तासाभराचं काम, आधी वेदनाशामक इंजेक्शन. मलम, उकळलेलं पाणी, निर्जंतुक गॉज, स्वच्छ चादरी, पुढे प्रथिनांचा आहार, मग त्वचारोपण. हे सगळं एका बाईसाठी, स्टोव्हच्या एका भडक्यासाठी. ते सगळं वेळेवर मिळूनही आम्ही कितीतरी जणींना वाचवू शकलो नाही. आणखी एक गोष्ट सांगते, बाहेरच्यांना ती ठाऊक नसते. ऐंशी टक्के भाजलेलं माणूस पहिल्या दिवशी बहुतेकदा बोलत असतं. पाणी मागतं, मुलांची नावं सांगतं, 'दुधाची बिलं द्यायची राहिली' म्हणतं. नातेवाइकांना वाटतं, आता हिला धोका नाही. आम्हाला माहीत असतं. आता हेच हजारोंच्या संख्येने, एका सकाळी, पाणीपुरवठा तुटलेल्या शहरात डोळ्यांसमोर आणा.

हिरोशिमात हे झालेलं आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी त्या शहरात १७८० परिचारिका होत्या. त्यांतल्या १६५४ मेल्या किंवा कामाला उभ्या राहू शकणार नाहीत इतक्या जखमी झाल्या. रेडक्रॉसच्या मोठ्या रुग्णालयात तीस डॉक्टरांपैकी सहा आणि दोनशेहून अधिक परिचारिकांपैकी दहा तेवढ्या काम करण्याच्या स्थितीत होत्या. डॉ. तेरुफुमी सासाकी हे तिथले एकच डॉक्टर पूर्ण धडधाकट वाचले. त्यांचा स्वतःचा चष्मा उडून गेला होता. एका जखमी नर्सचा चष्मा डोळ्यांवर चढवून ते पट्ट्या बांधत राहिले. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा डॉक्टरांपेक्षा त्या नर्सचाच विचार जास्त आला. तिला पुढे दिसत होतं का, ती वाचली का, कोण जाणे.

तुमच्या लेखकाने 'प्रचारपट' म्हटलंय. प्रचारात एक बाजू शहाणी आणि एक दुष्ट लागते. 'थ्रेड्स'मध्ये खलनायक उभा केलेला नाही आणि शेवटी कोण जिंकलं हेही सांगितलेलं नाही, कारण त्या जगात ते विचारायला कोणी उरत नाही. शेफिल्डच्या नगरपालिकेचे अधिकारी टाउन हॉलच्या तळघरात बसून कारभार चालवू पाहतात. अन्न कोणाला द्यायचं, कामाला येईल त्याला की मरणाऱ्यालाही, यावर भांडतात. वर इमारत कोसळलेली असल्याने त्यांना बाहेर पडता येत नाही. काही आठवड्यांनी सैनिक तिथे खणत पोचतात तेव्हा सगळे मेलेले असतात. हे अधिकारी वाईट नाहीत. आपल्या तहसील कचेरीत किंवा जिल्हा परिषदेत भेटतील तशीच साधी, दमलेली माणसं आहेत. समोर प्रश्न आहेत आणि फाइलमध्ये उत्तरं नाहीत.

आणि प्रचार म्हणायचाच असेल, तर तो सरकारने केला होता. १९८० मध्ये ब्रिटिश सरकारने 'प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह' नावाची पुस्तिका काढली. घरातले दरवाजे काढून भिंतीला तिरके लावा, त्यावर गाद्या, मातीच्या पिशव्या ठेवा आणि चौदा दिवस आत राहा, असं तिच्यात सांगितलं होतं. याच सूचनांवर १९८६ मध्ये 'व्हेन द विंड ब्लोज' हा व्यंगचित्रपट आला, रेमंड ब्रिग्ज यांच्या चित्रपुस्तकावरून. जिम आणि हिल्डा हे खेड्यातलं म्हातारं जोडपं. सरकारने सांगितलंय म्हणजे बरोबरच असणार, असा दोघांचा भरवसा. जिम दरवाजे काढतो, हिल्डाला भिंतीचा रंग खराब होण्याची काळजी. स्फोटानंतर दोघं वाचतात, चहा करतात, पावसाचं पाणी साठवून पितात. मग उलट्या, डोकेदुखी, हिरड्यांतून रक्त, अंगावर जांभळे ठिपके, आणि हिल्डाचे केस मुठीत येतात. जिम प्रत्येक लक्षणाला घरगुती कारण शोधून तिला धीर देतो. किरणोत्सर्गाने अस्थिमज्जा मेली, की रक्त गोठवणाऱ्या पेशी तयार होत नाहीत आणि तेव्हा हे ठिपके येतात. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांत आम्ही ते पाहायचो. चित्रपटातला प्रत्येक ठिपका मला वाचता येत होता आणि जिमला येत नव्हता. चित्रं लहान मुलांच्या पुस्तकातल्यासारखी गोलमटोल, मऊ आहेत, म्हणून तो फार जिव्हारी लागतो. मला तो मध्ये थांबवावा लागला. 'थ्रेड्स' मी एका बैठकीत पाहू शकले होते.

'द वॉर गेम' या सगळ्यांच्या आधीचा, १९६५चा. पीटर वॉटकिन्स यांनी बीबीसीसाठी केला, केंट परगण्यातले साधे रहिवासी घेऊन, बातमीपटाच्या धाटणीत. आगीच्या वादळात अग्निशामक जवान गुदमरून पडतात, वाचण्याची आशा नसलेल्यांना पोलीस गोळी घालून मोकळं करतात, मेलेल्यांची ओळख पटावी म्हणून लग्नाच्या अंगठ्या बादलीत जमा केल्या जातात. बीबीसीने तो टीव्हीसाठी फारच भयानक आहे असं ठरवून रोखला. चित्रपटगृहांत तो दाखवला गेला, त्याला माहितीपटाचं ऑस्कर मिळालं, पण बीबीसीच्या पडद्यावर यायला ३१ जुलै १९८५ उजाडावा लागला. वीस वर्षं! ज्या चित्रपटाला त्याचीच संस्था भयानक म्हणून कुलपात ठेवते, तो भयपटांच्या यादीत बसत नसेल तर कुठला बसेल?

अमेरिकेचा 'द डे आफ्टर' मला यांच्यापेक्षा मवाळ वाटला. तरी त्यातले डॉ. ओक्स, स्वतःचे केस गळायला लागेपर्यंत वॉर्डात उभे राहणारे, माझ्या लक्षात राहिलेत. २० नोव्हेंबर १९८३ रोजी एबीसी वाहिनीवर तो सुमारे दहा कोटी लोकांनी पाहिला. त्याआधी ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तो पाहिला आणि रोजनिशीत लिहून ठेवलं, की त्याने मन फार खिन्न झालं. ज्याच्या सहीने बॉम्ब सुटणार त्या माणसाची झोप उडवण्याची ताकद किती भुताखेतांच्या चित्रपटांत आहे?

माझी आजी कोकणातली. हाकामारी, मुंजा, वेताळ तिच्या तोंडून ऐकतच मी वाढले, त्यामुळे त्या गोष्टी मी कमी लेखत नाही. पण प्रत्येक गोष्टीत उतारा असायचा. अंगारा, नारळ, राहिलेली इच्छा पुरवणं, काहीच नाही तर कोंबडा आरवेपर्यंत तग धरणं. सकाळ झाली, की सुटका. अणुयुद्धाच्या चित्रपटात सकाळच होत नाही आणि हे कवीकल्पनेने लिहिलेलं नाही. जळत्या शहरांची काजळी आकाशात उंच जाऊन सूर्य अडवेल, थंडी पडेल आणि पिकं बुडतील, असा शोधनिबंध कार्ल सेगन आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी २३ डिसेंबर १९८३ रोजी 'सायन्स' या नियतकालिकात छापला. नऊ महिन्यांत 'थ्रेड्स'ने ते पडद्यावर आणलं. बायाबापड्या उजेड नसलेल्या शेतात हातांनी माती उकरतात. ब्रिटनची लोकसंख्या चाळीस लाख ते एक कोटी दहा लाखांवर, म्हणजे मध्ययुगात होती तेवढ्यावर येते. दहा वर्षांनी रूथ डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन, अकाली म्हातारी होऊन शेतात कोसळते. तिची मुलगी जेन जवळच असते. तिला रडता येत नाही. तिला कोणी रडताना जवळ घेतलेलंच नाही, दोनचार तुटक्या शब्दांपलीकडे भाषा दिलेली नाही. अंगावर काटा आणायला आणखी काय हवं?

हे आपल्यापासून लांबचं आहे असं म्हणायची सोय आपल्याला मे १९९८ पासून नाही. ११ आणि १३ तारखेला पोखरणच्या अणुचाचण्या, त्याच महिन्याच्या २८ आणि ३० तारखेला पलीकडे पाकिस्तानात चागई आणि खारान. पुढच्याच वर्षी भौतिकशास्त्रज्ञ एम. व्ही. रमणा यांनी हिशोब मांडला, की हिरोशिमाएवढा एकच बॉम्ब मुंबईवर पडला तर तेव्हाच्या लोकवस्तीत दीड लाखापासून आठ लाखांहून अधिक माणसं थोड्या काळात मरतील. मी मेलेल्यांपेक्षा भाजून जिवंत राहिलेल्यांचा विचार करते. साऱ्या राज्यातल्या जळीत खाटा एकत्र केल्या तरी त्यांच्यातल्या किती जणांना खाट मिळेल? आणि सोळा बाटल्या? मे २०२५ मध्ये नागरी संरक्षणाचा सराव झाला, त्या दिवसांत 'टाका एकदाचा अणुबॉम्ब आणि व्हा मोकळे' असं बोलताना मी शिकलीसवरलेली माणसं ऐकली. त्यांच्यात माझ्या नात्यातलीही होती. त्यांचा राग मला समजतो, निरपराध माणसं मारली गेली होती. पण बॉम्ब म्हणजे मोठा फटाका एवढंच चित्र त्यांच्या डोक्यात आहे, कारण दुसरं चित्र त्यांना कोणी दाखवलेलंच नाही. आपल्याकडे आनंद पटवर्धन यांनी 'जंग और अमन' हा माहितीपट २००२ मध्ये केला, सेन्सॉरने काटछाट सांगितली, मुंबई उच्च न्यायालयात जाऊन तो २००३ मध्ये न कापता मोकळा झाला. तो पाहिलेली माणसं माझ्या ओळखीत हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. आणि 'थ्रेड्स'सारखी, एका गावाची, एका घराची गोष्ट सांगणारी मराठी कथा माझ्या तरी पाहण्यात नाही. आपले तरुण दिग्दर्शक दुष्काळ, जात, शहराची घुसमट इतक्या खरेपणाने दाखवतात. त्यांच्यातल्या कोणीतरी हे करावं. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. 'थ्रेड्स'मध्ये बॉम्बचे प्रसंग मिनिटांचे आहेत, बाकी सगळा वेळ पाणी, अन्न, पट्टी आणि माणसं.

'अशा गोष्टी दाखवून लोकांना घाबरवायचं कशाला', हे उत्तर मला माहीत आहे. वॉर्डाचं दार सताड उघडं ठेवू नका, असं आम्हालाही सांगितलं जायचं आणि ते रुग्णांच्या दृष्टीने बरोबर होतं. पण स्टोव्ह कसा पेटवावा, पदर कसा खोचावा हे ज्या बायांना आम्ही समोर बसवून, भाजलेल्या हातांचे फोटो दाखवून शिकवलं, त्यांच्या वस्त्यांतून येणाऱ्या केसेस कमी झाल्याचं मी पाहिलंय. त्या घाबरल्या होत्या आणि घाबरून शहाण्या वागल्या. लहान मुलांना मात्र हे चित्रपट दाखवू नयेत, सोळाच्या आतल्यांना तर नकोच, आणि घरात कोणी अलीकडे गेलं असेल तर मोठ्यांनीही थांबावं.

आपल्याला विनंती अशी, की ६ ऑगस्टच्या आठवड्यात आपल्या वृत्तपत्राने एखाद्या फिल्म सोसायटीला बरोबर घेऊन यांतला एक चित्रपट रीतसर परवानगीने जिल्ह्याच्या ठिकाणी दाखवावा. माझी निवड 'थ्रेड्स'. बीबीसीने तो ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा दाखवला, म्हणजे चांगली प्रत मिळायला हरकत नसावी. पहिल्या रांगा नर्सिंग कॉलेजच्या मुलींसाठी आणि नागरी संरक्षणाच्या स्वयंसेवकांसाठी ठेवाव्यात. संवाद उत्तर इंग्लंडच्या बोलीत आहेत, पटकन कळत नाहीत, म्हणून सोबत मराठी टिपण छापून द्यावं. ते मी लिहून देईन, आणि नंतर कोणाला जळीत किंवा किरणोत्सर्गाच्या आजाराबद्दल विचारायचं असेल तर हॉलमध्ये थांबेन. माझा फोन नंबर पत्रासोबत स्वतंत्र कागदावर दिला आहे, तो छापू नये.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, नाशिक रोड